देवीचे वण आणि कमळाचं बोंड

बाय, परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी भांडी आवरून नुकती ओटीवर टेकले होते. तू आधी बोलेनासच. मग अगदी हळू म्हणालीस, "ताई, मला वेड लागत चाललंय का गं?"

तू सांगितलंस ते सगळं मी ऐकलं, पण दादा आणि बाबा शेजारीच बसले होते, म्हणून "उद्या बोलू" एवढंच म्हटलं. आता घरात कुणी नाही. शांतपणे लिहिते.

तुझ्या खोलीतल्या मुलीने बाजारातून सुकवलेल्या फुलांचा गुच्छ आणला. त्यात कमळाची तपकिरी बोंडं होती, भोकाभोकांची, प्रत्येक भोकात एकेक बी. तुझी नजर त्याच्यावर पडली, मानेवरचे केस उभे राहिले, पोटात ढवळलं, दंडांना खाज सुटली. मुली हसल्या. एकीने तर बोंड तुझ्या तोंडापाशी धरलं. मग तू बारा वाजेपर्यंत व्हरांड्यात बसून राहिलीस, आणि डोळे मिटले तरी ते बोंड समोरून जाईना.

वेडबिड काही नाही, बाय. हे मलाही होतं. तुला कधी सांगितलं नाही, ती माझी चूक.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. पावसाळ्याच्या आधी आईने वाल उन्हात घातले होते आणि मला निवडायला बसवलं. सुपात मूठभर घेतले, तर निम्म्या दाण्यांना भुंग्याने गोल भोकं पाडलेली. काही दाण्यांना दोन, काहींना तीन. कुणीतरी सुईने नेमकी टोचावीत अशी. माझ्या हातातून सूप सुटलं आणि सगळे वाल अंगणात सांडले. आई ओरडली, "काय नखरे आहेत हे!" मला काय सांगावं कळेना. भुंग्याची भीती नव्हती, भुंगा तर कधीच उडून गेला होता. त्या दाण्यांकडे बघवतच नव्हतं. हातावरून कितीतरी वेळ काहीतरी चालतंय असं वाटत राहिलं. त्यानंतर वाल निवडायची वेळ आली की मी पाणी आणायला जायचे. आईला वाटायचं पोरगी कामसू आहे.

आपल्या घरात आणि शिवारात असं काय काय असतं, आठव बघ. कारवीच्या कुडाला कुंभारीण माशीने केलेलं मातीचं घर, त्याची ओळीने उघडी तोंडं. वळचणीला गांधीलमाशीचं पोळं, कागदासारखं राखी. उंबर फोडलं की आत बारीक दाणे आणि त्यांच्यात वळवळणारे चिलटांएवढे किडे. भात कापून झाल्यावर बांधाला दिसणारी खेकड्यांची बिळं. अर्धे दाणे खाल्लेलं मक्याचं कणीस. सीताफळाची साल. काळ्या कातळात तर काही ठिकाणी फेस गोठल्यासारखी भोकंच भोकं असतात. लाव्हारस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्याच्या त्या खुणा. आणि मोहोळ. दादा जंगलातून सातेरीचं पोळं आणायचा, त्याच्या एका बाजूला मध आणि दुसऱ्या बाजूच्या खणांमध्ये पांढऱ्या अळ्या. सगळे तुटून पडायचे. तू मात्र आजीच्या मागे लपायचीस. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

जव्हारला मी ज्या बाईंकडे शिकायला राहिले, त्यांच्याकडे दिवाळीत अनारसे व्हायचे. जाळी किती सुरेख पडलीय म्हणून शेजारणी कौतुक करायच्या. जाळी पडणं हीच अनारशाची परीक्षा, आणि नेमकं त्या जाळीकडे बघून माझ्या घशाशी येई. मी अनारसा उलटा धरून, खसखस लागलेली बाजू खाली करून, डोळे दुसरीकडे ठेवून खायचे. चव फार छान असायची. हे मी आजवर कुणालाच बोलले नव्हते.

शहरात तुला आणखी वेगळ्या गोष्टी भेटतील. भांडी घासायचा स्पंज, साबणाचा फेस, न्हाणीघरातल्या शॉवरची तोटी, घावन तव्यावर टाकल्यावर पडणारी भोकं, स्ट्रॉबेरीवरच्या बिया. 2019 मध्ये तीन कॅमेऱ्यांचा आयफोन आला तेव्हा त्याच्या पाठीकडे बघवत नाही असं जगभरच्या कितीतरी लोकांनी सांगितलं. तीनच भिंगं, पण जवळजवळ.

या त्रासाला नाव आहे, ट्रायपोफोबिया. ग्रीक भाषेत 'ट्रायपा' म्हणजे भोक. नाव 2005 च्या सुमाराचं, म्हणजे तुझ्याच वयाचं म्हण. त्याआधीही माणसांना हे होत असणारच. पण नाव नसलं की माणूस गप्प बसतो.

शास्त्रज्ञांनी याकडे नीट बघितलं ते 2013 साली. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठातले जेफ कोल आणि अर्नोल्ड विल्किन्स. त्यांनी 286 जणांना एक चित्र दाखवलं. कसलं, सांग? तुझ्या मैत्रिणीने आणलं तेच, कमळाचं बोंड. शंभरातल्या 11 पुरुषांना आणि 18 बायकांना ते बघून अस्वस्थ वाटलं. बायकांमध्ये जास्त. म्हणजे तुमच्या वसतिगृहात शंभर मुली असतील तर तुझ्यासारख्या पंधरा-वीस तरी निघाव्यात. परवा हसणाऱ्यांमध्येही एखादी असेल, आपली पाळी येऊ नये म्हणून मोठ्याने हसणारी. कोल यांना स्वतःलाही हा त्रास आहे. ते वाचून मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू! एवढा शिकलेला माणूस, आणि त्यालाही अनारसा उलटा धरावा लागला असता.

त्या दोघांचं म्हणणं असं, की या चित्रांमध्ये गडद भोक आणि उजळ कड हे पुन्हा पुन्हा, ठरावीक अंतराने येत राहतं, आणि असल्या नक्षीने डोळ्यांना मुळातच त्रास होतो. शिवाय पुष्कळ विषारी प्राण्यांच्या अंगावर तशीच नक्षी असते. त्यांनी उदाहरण दिलं निळ्या कड्यांच्या ऑक्टोपसचं. तो आपण कुठे बघायला! पण घोणस आठव. पाठीवर काळ्या कडांच्या गोल ठिपक्यांच्या तीन माळा. ती दिसली की पाय आपोआप मागे येतो, विचार नंतर सुचतो.

पण मला पटलं ते नंतरचं. 2018 साली अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या संशोधकांनी असली चित्रं बघताना माणसांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोजल्या. माणूस घाबरला की बाहुली मोठी होते. साप बघताना तशी ती झाली. भोकं बघताना मात्र ती बारीक झाली, आणि तसं होतं किळस आल्यावर. आपण 'भीती' म्हणतो ती बरीचशी शिसारी आहे. तूच सांग, बोंड बघून पळून जावंसं वाटलं, की ओकारी यावीशी वाटली?

आणि शिसारी कशाची, तर रोगाची. केंट विद्यापीठातले टॉम कुप्फर आणि एसेक्समधले आन ले यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं, की कातडीवर पुरळ, फोड, गोचिडांचे घोळके असली रोगट चित्रं सगळ्यांनाच नकोशी वाटतात. ज्यांना आपल्यासारखा त्रास आहे, त्यांना बोंडं आणि विटांमधली भोकंही तशीच नकोशी वाटतात. आपल्याकडे भात पिकल्यावर रात्री माळ्यावर राखण बसते ना, रानडुक्कर आलं की डबा वाजवायला? प्रत्येकाच्या अंगात असा एक राखण्या बसलेला असतो. रोगट अंग दिसलं की तो डबा वाजवतो, दूर हो म्हणतो. माझा आणि तुझा राखण्या वाऱ्याने पान हललं तरी डबा बडवत सुटतो. वाईट नाही गं तो. फार जागा आहे, एवढंच.

आता जे सांगायचंय ते तुला फोनवर सांगता आलंच नसतं.

2022 साली लंपी आली, तेव्हा तू दहावीत होतीस. महाराष्ट्रभर गुरं आजारी पडत होती. आपल्या ढवळ्याच्या अंगावर गाठी उठल्या, मानेपासून शेपटीपर्यंत, काही फुटून त्यांचे खळगे झालेले. बाबा कडुनिंबाच्या पाल्याने त्याचं अंग पुसायचे. तू गोठ्याकडे फिरकली नाहीस. दादा तुला बोलला, "ज्याच्या जिवावर शेती केली त्याच्याजवळ जायला लाज वाटते?" तू काही बोलली नाहीस, पण रात्री उशी ओली केलीस, ते मला ठाऊक आहे. मी तरी कुठे जवळ जात होते? मी लांबून पेंढा टाकायचे आणि ढवळ्याच्या फक्त डोळ्यांकडे बघायचे. तो आजार माणसाला होत नाही, माश्या, डास, गोचिडांमार्फत गुरांमध्येच पसरतो, हे सगळं माहीत असूनही पाय पुढे पडत नव्हता. माहिती डोक्यात असते, शिसारी कातडीत. डोक्याने सांगितलेलं कातडीला लगेच ऐकू जात नाही.

आईचे तळवेही तसेच. आवणीचे दिवस आले की ती आठ-आठ तास चिखलात उभी. रात्री पाय पसरून बसली की तळव्यांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसायचे, टाचेला आणि चवड्याला दाट. "जरा दाब गं पाय," म्हणायची, आणि मी पोटऱ्या दाबायचे, तळव्यांना हात लावायचे नाही. पुढे कळलं, की कातडी सतत ओली राहिली की तिच्यावरचे जंतू वरचा थर खातात आणि तसे खड्डे पडतात. पाय कोरडे ठेवले, डॉक्टरांनी दिलेलं मलम लावलं की जातात. आईचे गेले. इतकी वर्षं मी तिच्या तळव्यांकडे पाठ फिरवत होते, त्यापेक्षा एकदा दवाखान्यात नेलं असतं तर तिचा त्रास कमी झाला असता. हे मला अजून लागतं.

आणि आजी.

आजीच्या तोंडावरचे वण देवीचे आहेत, एवढं तुला माहीत आहे. ती पाच-सहा वर्षांची असताना तिला देवी आल्या. घरात तिघा भावंडांना आल्या, त्यातली ती एकटी उरली. अंगाखाली कडुनिंबाचा पाला अंथरला होता, दाराला डहाळी बांधली होती, घरात फोडणी द्यायची नव्हती, असं ती सांगते. देवीचे फोड सगळ्यात दाट उठायचे ते तोंडावर आणि हातापायांवर. चेहऱ्याच्या कातडीत तेलाच्या ग्रंथी पुष्कळ, फोड त्या जाळून टाकायचे आणि तिथे कायमचा खळगा राहायचा. आजीच्या दोन्ही गालांवर, नाकावर, हनुवटीवर तसे खळगे आहेत. आईच्या आणि बाबांच्या दंडावर ते गोल डाग दिसतात ना, ते देवी काढल्याचे, म्हणजे लशीचे. त्या लशीनेच हा रोग गेला. देशातला शेवटचा रोगी 1975 मध्ये सापडला, आणि 1980 साली सगळ्या जगातून देवी गेल्या असं जाहीर झालं. आपल्या दंडावर तो डागही नाही, बाय. आजीला मात्र उशीर झाला होता.

लहानपणी मी आजीजवळ झोपायचे. वीज नसायची तेव्हा चिमणी लावलेली असे. तिचा उजेड बाजूने आला की आजीच्या गालावरचा एकेक खळगा काळा, खोल दिसायचा. मी कूस बदलायचे. रोज. ती गोष्ट सांगत असायची आणि मी भिंतीकडे तोंड करून हुंकार द्यायचे. कधीतरी तिच्या ते लक्षात आलं. तिने मला काही विचारलं नाही. तेव्हापासून मी जवळ बसले की ती पदर गालावर ओढून घ्यायची आणि चिमणी उशाकडून उचलून पायथ्याशी ठेवायची.

मला हे कळलं ते पंधरा वर्षांनी. त्या वणांमुळे तिला लग्नाच्या वेळी काय काय ऐकून घ्यावं लागलं होतं, ते आईने एकदा सांगितलं, आणि त्या पदराचा अर्थ मला एकदम लागला. सगळ्या जन्मात ज्यांच्यापुढे तिला तोंड झाकावं लागू नये, अशी आपण नातवंडं. त्यातल्या एकीसाठी तिने ते झाकलं.

मी त्या रात्री झोपले नाही. सकाळी खोबरेल तेलाची वाटी घेऊन तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "आजी, तोंड फुटलंय थंडीने, तेल लावते." पहिल्यांदा डोळे मिटून लावलं. आणि काय सांगू तुला, हाताला ती भोकं लागलीच नाहीत. धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्यासारखा मऊ गाल लागला. डोळ्यांना जे खोल दिसत होतं ते बोटांना कळेचना. दुसऱ्या दिवशी डोळे अर्धे उघडे ठेवून लावलं. आठवड्याभराने दिवसाच्या उजेडात, अंगणात. अजूनही बाजूचा उजेड पडला की माझ्या पोटात एकदा हलतं. राखण्या डबा वाजवतो. मी म्हणते, वाजव, मला आजीला तेल लावायचंय.

पुढे वाचनात आलं, की समुपदेशक हेच करतात, पण पद्धतशीर. आधी नुसतं बोलणं, मग लांबून चित्र, मग जवळून, अंगाला सोसेल तसं आणि त्या माणसाच्या मर्जीने. त्या मुलीने बोंड तोंडापाशी धरलं, ते यातलं नव्हे. "बघ बघ, सवय होईल" म्हणणाऱ्या कुणालाही सरळ सांग, की मला याचा त्रास होतो, माझ्यासमोर आणू नका. कारण पटवत बसू नकोस. ज्यांना कांद्याच्या वासाने मळमळतं त्या कुठे कारण देतात?

मोबाइलवर 'तुम्हालाही होतं का?' म्हणून असली चित्रं फिरतात. स्वतःची परीक्षा घ्यायला ती उघडू नकोस. माणसाच्या कातडीत भोकं पडलेली जी भयंकर चित्रं दिसतात, त्यातली बरीचशी कमळाच्या बोंडाचा फोटो हातावर, छातीवर चिकटवून बनवलेली असतात. त्या चित्रांतला रोग खरा नसतो. पाठीच्या कातडीतून पिल्लं बाहेर येणारा बेडूक मात्र खरा आहे, दक्षिण अमेरिकेतला. ते पिल्लं जपणारं जनावर आहे, पण तुला त्याचा व्हिडिओ बघायची काही गरज नाही.

अचानक समोर आलंच, तर आधी नजर एखाद्या सपाट गोष्टीवर ने. भिंत, आभाळ, आपल्या हाताचा तळवा. श्वास सावकाश सोड, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. खाज सुटली तर ओरबाडू नकोस, गार पाण्याने हात धू. मला एवढ्याने दहा मिनिटांत उतार पडतो. पोळ्याचं मात्र वेगळं. आग्या मोहोळ दिसलं तर तिथून निघच, ती शिसारी नव्हे, ती अक्कल.

आणि जेवण जायचं बंद झालं, आंघोळीला जायची भीती वाटू लागली, रात्र रात्र झोप लागेना, तर डॉक्टरांशी बोलायचं. वैद्यकाच्या पुस्तकात या त्रासाला अजून वेगळा कप्पा नाही, म्हणून एखादा डॉक्टर नाव ऐकून गोंधळेल. तू नाव सांगू नकोस, काय होतं ते सांग. 14416 हा टेली-मानसचा नंबर लिहून ठेव. सरकारी आहे, 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झाला, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं. आईच्या कानावर गेलं तर ती भगताकडे जाऊ म्हणेल. तिच्यावर रागावू नकोस, मी समजावीन तिला. तिच्या तळव्यांची गोष्ट सांगूनच समजावीन.

दिवाळीला तू येशील. नाशिकहून मोखाड्यावरून येणारी सकाळची एसटी धर, म्हणजे उजेडी पोचशील. तू आलीस की आजी पदर गालावर ओढून घेईल. तुझ्याबाबतीतही तिच्या लक्षात आलं आहे, बाय. मी बघितलंय. तेलाची वाटी मी चुलीजवळ ठेवलेली असेल. पहिल्यांदा डोळे मिटून लावलंस तरी चालेल.

काल संध्याकाळी मी घरात आले, तर आजी दारातल्या उजेडात चष्मा लावून वाल निवडत होती. सूप मांडीवर, भुंगा लागलेले दाणे एका बाजूला. म्हटलं, "आजी, कालच निवडले होतेस ना हे?" तर म्हणाली, "परत बघते. भोकाचा दाणा राहायला नको त्यात. धाकटी येणार आहे."